पहारा



पुंडलिकरायाची कथा मी तुम्हाला नवी ती काय सांगणार? देव दारात आला. पुंडलीक आईबापाचे पाय चेपत होता. हाताशी होती ती वीट त्यानं मागं फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. अजून थांबलाय. पण या कथेतली एक गोष्ट आपण घाईनं ओलांडून जातो. देव रागावला नाही. 'एवढ्या लांबून आलो आणि तू वळूनही बघत नाहीस?' असं म्हणाला नाही. त्याला कळलं, या माणसाचे हात मोकळे नाहीत.

आज आपल्याला या हात मोकळे नसलेल्या माणसांचं चिंतन करायचंय.

गावोगावी कीर्तन उरकलं, की एखादी माउली पाया पडायला येते आणि हळूच सांगते, "महाराज, यंदा वारी चुकली. मालकांना कॅन्सर आहे. आता घरीच ठेवा म्हणालेत डॉक्टर." आपण काय म्हणतो? "माउली, सेवा हीच तुझी वारी." बोलणं खरं आहे. खोटं नाही. पण तेवढं बोलून आपण प्रसादाला जातो आणि ती परत त्याच खोलीत जाते. स्तुती करून माणसाला एकटं सोडणं फार सोपं असतं हो!

'घरी ठेवा' म्हणजे काय, ते ऐका. दवाखान्यात तीन पाळ्या असतात. घरात एकच पाळी, चोवीस तासांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. गोळ्यांच्या वेळा, उलटीचं भांडं, ओली चादर. आणि हे करणारी कोण? नाव मुलाचं होतं, 'श्रावणबाळ आहे' म्हणतात. हात बहुतेक वेळा सुनेचे नाहीतर बायकोचे असतात. पुंडलिकाच्या घरात पाणी कोण तापवत होतं, हे आपण कधी विचारलं नाही.

वर आपण भेटायला जातो. दहा जण जातो, दहा वेळा तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो, दहा कप चहा करायला लावतो. जाताना एखादा म्हणतो, "मागच्या जन्मीचं असेल काहीतरी." मायबाप, पाया पडून सांगतो, हे वाक्य त्या घरात बोलू नका. दुसरा सांगतो, अमक्या ठिकाणचं औषध आणा, दवाखान्याचं बंद करा. तेही नको. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांची गोळी बंद करून नव्हे.

गोळीवरून आठवलं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन देतात. नाव ऐकलं की घरची माणसं दचकतात. व्यसन लागेल, नाहीतर आता संपलंच म्हणायचं. म्हणून रोगी कळवळत असतो आणि गोळी फडताळात असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळेला दिलं तर ते वेदनेचं औषध आहे. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. पोट मात्र घट्ट होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्यायचं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणं अवघड झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. रोगी रात्री शांत झोपला, तर सेवा करणारीलाही डोळा लागतो. तिच्या बळाची सुरुवात इथून आहे, उपदेशातून नाही.

दुसरं, जेवणाचं. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. शरीरच नको म्हणतं. अशा वेळी घास कोंबला तर ठसका लागतो. आणि नाही भरवलं, तर आजूबाजूचे म्हणतात, उपाशी ठेवलं. त्या बोलण्याचा काटा त्या बाईच्या मनात वर्षानुवर्षं राहतो. ओल्या कापसानं ओठ भिजवले, तोंड स्वच्छ ठेवलं, जवळ बसून नाम घेतलं, तरी सेवा पूर्ण आहे.

आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही. रात्री तीन वाजता तिच्या मनात येतं, 'देवा, सोडव यांना एकदाचं.' आणि लगेच वाटतं, आपण केवढं पाप चिंतलं. माउली, ते पाप नाही. ते प्रेमही आहे आणि थकवाही आहे, दोन्ही एकाच ठिकाणी. चिडचीड झाली, आवाज चढला, म्हणून केलेली सेवा वाया जात नाही.

मदत आहे, ती मागायला लाजू नका. मुंबईला वांद्र्यात शांती आवेदना सदन १९८६ सालापासून आहे. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांना सांभाळणारी देशातली ती पहिली संस्था. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथं रोग्याबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात, शुश्रूषा शिकवतात, आणि पैसे घेत नाहीत. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे रोगी आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं राहतात. बाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी झोपडी बांधली नाही. रोग्याबरोबर आलेल्यालाही पाठ टेकायला जागा लागते, हे त्या माणसाला कळत होतं.

पण वांद्रं लांब आहे, वारजं लांब आहे. तुमची गल्ली जवळ आहे. आपल्या गावात अखंड सप्ताह होतो ना? वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण एकच विणेकरी सात दिवस उभा राहतो का? नाही. फळ्यावर पहाऱ्याची यादी लागते. दोन तास हा, दोन तास तो. वीणा अखंड राहते, कारण माणूस बदलतो. मग ज्या घरात सेवा अखंड चाललीय, तिथं पहारा का लागत नाही? तिथं एकच बाई सहा महिने वीणा धरून उभी आहे, आणि आपण खालून म्हणतो, धन्य आहेस!

जनाबाईच्या जात्याला देवानं हात लावला म्हणतात. 'दळण हीच तुझी भक्ती' असं सांगून तो गेला नाही. खुंटा धरून बसला.

तेव्हा गावी परत गेल्यावर दिंडीतल्या आठ-दहा जणांनी बसायचं. कुणाच्या घरी असा रोगी आहे, ते तुम्हाला माहीत असतंच. मंगळवारी दुपारी दोन तास कोण बसणार, ते लिहायचं. गोळ्या आणायला तालुक्याला कोण जाणार, ते लिहायचं. एका घरून भाकरी, एका घरून कालवण. चादरी धुवायला कोण नेणार, तेही. गेल्यावर 'काही लागलं तर सांगा' म्हणायचं नाही, ती सांगणार नाही. म्हणायचं, "वहिनी, मी बसतो दोन तास. तुम्ही आतल्या खोलीत जाऊन झोपा." आणि चहा मागायचा नाही.

सप्ताहात पहारा लावायला कोण असतो तुमच्याकडे? त्यालाच हे काम सांगा. त्याला सगळ्यांची नावं पाठ असतात.