छायाचित्राखालचे नाव
(संस्थेच्या वार्षिक समारंभात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





आम्ही वक्ते नाही, कारागीर आहोत. आम्ही कोणाच्या नोकरीत नाही. ज्याचे काम येईल त्याचे करून देतो. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, पत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे यांची मांडणी करतो आणि गळ्यात कॅमेरा अडकवून समारंभांची छायाचित्रे काढतो. कार्यकारिणीने आम्हाला ‘कला आणि समाजकार्य’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. पण आम्ही सुरुवात एका चुकीपासून करणार आहोत, आणि ती चूक आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीत वह्यावाटपाचा कार्यक्रम होता. छायाचित्रे आम्ही काढली, स्मरणिकेची मांडणीही आम्हीच केली. एका छायाचित्रात पाहुणे वह्यांचा गठ्ठा देत आहेत आणि सातवीतला एक मुलगा दोन्ही हातांनी तो घेत आहे. चित्र छान आले होते. त्याखाली आम्ही ओळ टाकली, ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यास वह्या देताना मान्यवर’. पाहुण्यांचे नाव पदासह छापले. मुलाचे नाव छापले नाही, कारण ते आम्ही विचारलेच नव्हते.

स्मरणिका वस्तीत वाटली गेली आणि तो मुलगा संध्याकाळच्या अभ्यासिकेत यायचा बंद झाला. चौकशी करायला आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिले, चहा ठेवला, आणि शांतपणे म्हणाली, “दादा, फोटो चांगला आला हो. पण खाली गरीब लिहिलंत. पोरं त्याला त्याच नावानं हाक मारतात. होतकरू तेवढं ठेवायचं होतं.”

त्या माउलीने आमच्या धंद्याचा सगळा धडा एका वाक्यात सांगितला. आज आम्ही जे बोलणार आहोत ते त्या वाक्याचेच स्पष्टीकरण आहे.

मित्रहो, ही चूक आमच्या एकट्याची नाही. तिला इतिहास आहे. इंग्रज सरकारच्या काळात, १८६८ ते १८७५ या वर्षांत, ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील नाना जातीजमातींच्या लोकांची चारशेहून अधिक छायाचित्रे त्यात आहेत. माणसे कॅमेऱ्यासमोर उभी किंवा बसलेली आहेत, आणि बहुतेकांच्या खाली त्यांचे स्वतःचे नाव नसून जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, सोबत त्या जातीच्या स्वभावाविषयी लेखकांचे मत आहे. राज्य चालवणाऱ्यांना माणूस ओळखायचा नव्हता, वर्ग ओळखायचा होता. ज्याला नाव नाही त्याच्याविषयी काहीही लिहिता येते. आम्ही त्या मुलाच्या जातीऐवजी त्याची गरिबी छापली, एवढाच काय तो फरक!

आता याच्या उलट उदाहरण पाहू. अमेरिकेत लुईस हाइन नावाचे एक शिक्षक होते. १९०८ साली ते तेथील राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी छायाचित्रे काढू लागले. कापडगिरण्या, खाणी, काचेचे कारखाने येथे लहान मुले राबत होती. मालक कॅमेरा आत येऊ देत नसत, म्हणून हाइन कधी विमा एजंट तर कधी बायबल विक्रेते बनून आत शिरत. मुलांची उंची ते स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजत आणि खिशात लपवलेल्या वहीत मुलाचे नाव, वय, गाव आणि काम टिपून ठेवत. त्यांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत. मुलांना कामावर ठेवण्यास प्रतिबंध करणारा तेथील टिकाऊ राष्ट्रीय कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४० साली, हाइन हलाखीत वारले. विद्यार्थी मित्रांनो, हेही आम्ही मुद्दाम सांगतो. या कामाने कायदा बदलायला मदत होते, पण करणाऱ्याचे घर भरेलच असे नाही.

हाइन यांचे बळ कॅमेऱ्याइतकेच त्या वहीत होते. चित्र पाहून लोकांचे डोळे पाणावले असते आणि ते विसरूनही गेले असते. पण नाव, वय आणि ठिकाण लिहिलेले असल्यामुळे ‘हे खोटे आहे’ असे सहजासहजी म्हणण्याची सोय मालकांना राहिली नाही.

आपल्याकडे तर शब्द आणि छपाई यांचे मोल बाबासाहेबांनी शिकवले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले. हे सारे कशासाठी? आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहावे आणि आपण ते मुकाट वाचावे, ही अवस्था संपवण्यासाठी. मग लेखणीच्या बाबतीत जे खरे, ते कॅमेऱ्याच्या बाबतीत खरे का नसावे?

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर अकोल्याचे सुधारक ओलवे यांचे देता येईल. मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करत असताना त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे चित्रित केले. शहराची घाण जे उचलतात आणि शहर ज्यांच्याकडे पाहत नाही, त्यांना त्यांनी पाहायला लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराचा आनंद आहेच, पण आम्हाला मोठी वाटते ती त्यांची चिकाटी. एक दिवस जाऊन चित्र काढणे सोपे असते. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणे कठीण असते. हाताने मैला साफ करायला लावण्यास १९९३ साली कायद्याने बंदी झाली आणि २०१३ साली अधिक कडक कायदा आला. तरीही गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. तोवर अशा छायाचित्रांचे काम संपले असे कोण म्हणेल?

आता आमच्या पोटापाण्याविषयी. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागतांनी सांगितले. आम्ही यातले काही विकत नाही. पण ते विकण्याची पत्रके तर आमच्याच टेबलावर तयार होतात! गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. त्याआधी आमच्याकडे गुटख्याच्या पाटीचे काम आले होते आणि घरभाड्याची तारीख जवळ आली होती. आम्ही ते काम परत केले. त्या महिन्यात भाडे उसने घेऊन भरले. हे फुशारकीने सांगत नाही, कारण त्याआधीच्या वर्षी असेच एक काम आम्ही केले होते. सम्यक आजीविका एकदा ठरवून संपत नाही, ती दर महिन्याला ठरवावी लागते.

मांडणीच्या कामातही धम्म आहे. मागे एका शिष्यवृत्तीचे पत्रक आमच्याकडे आले. त्यात हार घातलेल्या अकरा जणांची छायाचित्रे होती आणि अर्जाची शेवटची तारीख सर्वांत खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होती. आम्ही विनंती करून तारीख वर आणली, लागणाऱ्या दाखल्यांची यादी मोठ्या अक्षरांत दिली, आणि छायाचित्रे मागच्या बाजूला नेली. काही मंडळी रागावली. पण ते पत्रक ज्या आजीला नातवासाठी वाचायचे होते, तिला ते चष्म्याशिवाय वाचता आले. पत्रक कोणासाठी आहे, एवढा एक प्रश्न विचारला की निम्मी मांडणी आपोआप होते.

सभासद बंधू-भगिनींना आमच्या चार विनंत्या आहेत.

पहिली. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र त्याला, आणि मूल असेल तर त्याच्या पालकांना, विचारल्याशिवाय छापू नका. ‘नको’ म्हणाला तरी वह्या द्या. छायाचित्र ही वह्यांची किंमत नव्हे.

दुसरी. ज्याने होकार दिला त्याचे नाव छापा आणि एक प्रत त्याच्या घरी पोचवा. मात्र अत्याचारग्रस्त मूल असेल तर नाव, चेहरा, शाळा काहीच देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रसारमाध्यमांना तशी बंदी आहे. कायद्याच्याही आधी ती करुणा आहे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. मार खाणाऱ्या माणसाची चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी, त्या जागी आपला भाऊ असता तर पाठवली असती का, हे स्वतःला विचारा.

तिसरी. आपल्या घरातली जुनी छायाचित्रे सांभाळा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे वीस वर्षांचे तरुण होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बसा आणि चित्रातला कोण कोण आहे ते विचारा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा; बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये चित्रे खराब होतात, ती कागदी पाकिटात ठेवा. संस्थेने या चित्रांच्या प्रती जमा केल्या तर पुढच्या पिढीला आपला इतिहास दुसऱ्याकडे मागावा लागणार नाही.

चौथी विनंती थोडी अवघड आहे. ‘समाजाचे काम आहे, पैसे कसले?’ असे आपल्या मुलांना म्हणू नका. आम्ही संस्थेच्या कामाची मजुरी घेत नाही, तो आमचा निर्णय आहे. दान किती द्यायचे हे देणाऱ्याने ठरवायचे असते. नुकताच शिकून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी कर्ज काढून संगणक घेते. तिच्याकडून फुकट काम करून घेतले तर ती सहा महिन्यांत हे क्षेत्र सोडून जाईल. मग आपली पुस्तके, आपली पत्रके कोण सजवणार?

शेवटी त्या मुलाविषयी सांगतो. आम्ही त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या वर्षी तो अभ्यासिकेत परत आला आणि पुढे चांगल्या गुणांनी पासही झाला. सत्काराच्या वेळी आम्ही कॅमेरा उचलला, तेव्हा त्याने हसून मान हलवली. आम्ही कॅमेरा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. त्या वर्षीच्या स्मरणिकेत त्याचे छायाचित्र नाही. गुणवंतांच्या यादीत त्याचे नाव मात्र आहे, वडिलांच्या नावासह, संपूर्ण.