सायकलस्वाराच्या शेजारचे दीड मीटर



सिंगापूरच्या शिस्तबद्ध रस्त्यांचे कौतुक आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. याच रस्त्यांच्या डाव्या कडेने अनेक श्रमिक सायकलवरून कामावर जातात. त्यांत आपल्या देशातून आलेलेही आहेत. त्यांच्याभोवती पोलादी कवच नसते, कमरेला सुरक्षापट्टा नसतो. मागून येणाऱ्या चालकाचा विवेक हेच त्यांचे संरक्षण.

१ जानेवारी २०२२ पासून येथील वाहतूक नियमपुस्तिकेत सायकलस्वाराला ओलांडताना किमान १.५ मीटर अंतर राखण्याची सूचना आहे. ही केवळ मार्गदर्शक सूचना आहे, म्हणूनच ती आपल्या सद्सद्विवेकाची कसोटी आहे. मोठ्या वाहनाच्या वाऱ्याने सायकल डगमगते; खड्डा वा गटाराची जाळी चुकविताना ती एकाएकी उजवीकडे वळते. हे अंतर त्यासाठीच आहे.

थोडा हिशेब करू. कडेपासून ०.५ मीटर, सायकलस्वार सुमारे ०.७, मोकळे अंतर १.५ आणि मोटार सुमारे १.८, एकूण ४.५ मीटर. एवढी रुंदी एका मार्गिकेत सहसा नसते. तेव्हा या सूचनेचा खरा अर्थ असा की, ओलांडायचे तर शेजारच्या मार्गिकेत जावे. ती मोकळी नसेल तर मागे थांबावे. ताशी ५० ऐवजी २० किलोमीटर वेगाने २०० मीटर गेल्यास अवघी २२ सेकंदे अधिक लागतात.

सायकलस्वारांवरही बंधने आहेत. रस्त्यावर शिरस्त्राण २०१९ पासून सक्तीचे आहे; एकाच मार्गिकेच्या रस्त्यावर एकामागे एक चालावे, असाही नियम आहे. तथापि एखाद्याने नियम मोडला, म्हणून त्याला खेटून मोटार नेण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही.

आपल्यापैकी अनेकांकडे स्वतःची मोटार नाही; परंतु टॅक्सीचे दार आपणही उघडतो. उघडण्यापूर्वी मागे वळून पाहावे, कारण अचानक उघडलेले दारही सायकलस्वाराचा घात करू शकते. ही सवय मुलांना आजच लावावी.

सार्वजनिक रस्ता वाहनाच्या किमतीवरून कोणाला मोठा वा लहान ठरवीत नाही. सायकलवरचा माणूस आपल्याइतकाच त्या रस्त्याचा हक्कदार आहे, आणि घरी त्याचीही कोणी वाट पाहत असते. त्याच्यासाठी २२ सेकंदे थांबणे हे उपकार नव्हेत, ते आपले कर्तव्य आहे.

जय भीम!