भिंग बसते, पण जुळते काय?



जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे वेड ज्याला लागते त्याच्या घरी प्रथम कॅमेरा येतो, त्यामागून एकेक करून भिंगे येऊ लागतात, आणि व्ह्यूफाइंडरची खरेदी मात्र अगदी शेवटी, तीही बहुधा दोन-चार फिल्मी वाया गेल्यावर होते. माझ्या मते हा क्रम मुळातच उलटा आहे. तो उलटा कसा, हे सांगण्यापुरताच आजचा वेळ मी आपल्यापाशी मागून घेतला आहे.

ज्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असतो त्यात भिंगातून आलेले चित्रच डोळ्यास दिसते. त्यामुळे भिंगाची लबाडी जागच्या जागी उघडकीस येते. रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यात तशी तजवीज नाही. येथे भिंग फिल्मवर आपले चित्र उमटविते, अंतरमापक दोन खिडक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून वस्तू किती दूर आहे ते ठरवितो, आणि चित्राची चौकट पुष्कळदा तिसरीच एक खिडकी दाखविते. या तिघांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावर त्यांत विसंगती नाही असे दिसले, तरच हाती येणारे छायाचित्र आपल्या मनातले असते.

या जबान्या जुळविण्याचे काम मूळ कारखानदारांनाही एका दिवसात साधले नाही. वेत्स्लार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी सिद्ध केलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या वसंतातील व्यापारी मेळ्यात लोकांसमोर आला, तेव्हा त्याचे भिंग अंगाशीच पक्के जडविलेले होते. १९३० साली ते काढता-घालता येऊ लागले खरे. परंतु त्या पहिल्या नगांत प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याच्या अंगाशी घासून-मोजून जुळविलेले असे, आणि एकाचे भिंग दुसऱ्यावर आटे फिरवून चढले तरी चित्र स्पष्ट येईलच याची हमी नसे. भिंग जेथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम ठरविण्याचा शिरस्ता १९३१ पासून पडला, आणि अशा प्रमाणित कॅमेऱ्याच्या कड्यावर शून्याची एक बारीक खूण कोरली जाऊ लागली. त्या काळचा लायका विकत घेताना इतर कसलीही चौकशी करण्यापूर्वी हे शून्य शोधावे. अंतरमापक भिंगाशी जोडला गेला तो १९३२ साली.

आता आट्यांचा मामला घेऊ. लायकाच्या या आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर, आणि दर इंचास २६ आटे. हे माप पुढे इतके लोकप्रिय झाले की त्याच व्यासाचे आटे नको त्या ठिकाणीही दिसू लागले. रशियाच्या झेनिट या आरशाच्या कॅमेऱ्यालाही आरंभी ३९ मिलिमीटरचेच आटे होते. पण त्याच्या कड्यापासून फिल्मचे अंतर ४५.२ मिलिमीटर, म्हणजे लायकापेक्षा सोळा मिलिमीटरांहून अधिक. असे भिंग झॉर्की किंवा फेड या लायकाच्या धर्तीवरील रशियन कॅमेऱ्यांवर मोठ्या डौलाने चढते, हाताला कुठे अडत नाही, आणि फिल्म धुऊन आल्यावर दूरचे व जवळचे काहीच धड उमटलेले नसते. एन्लार्जरच्या भिंगांचीही हीच कथा. किल्ली कुलपात शिरली म्हणून कुलूप उघडतेच असे नाही, हे आपण व्यवहारात जाणतो. परंतु पितळेच्या आट्यांवर भिंग फिरत फिरत घट्ट बसताना जे समाधान वाटते त्याच्या भरात हे ज्ञान विसरले जाते. विक्रेताही अनेकदा प्रामाणिकपणेच ‘बसते की!’ म्हणून सांगतो, कारण त्याने तेवढेच करून पाहिलेले असते.

अंतर जुळले तरी संधान जुळणे उरतेच. भिंग पुढेमागे सरकले की त्याच्या पाठीमागील कडा कॅमेऱ्यातील एका लहानशा दांड्याला ढकलते, आणि त्या दांड्याच्या हालचालीवर अंतरमापकाची प्रतिमा हलते. लायकात या दांड्याच्या टोकास वाटोळे चाक असते, तर जुन्या फेड-झॉर्कीत पाचरीसारखे टोक असते. सर्व बाजूंनी सारखी कडा असलेल्या भिंगाला याने फरक पडत नाही. पण ज्या लांब पल्ल्याच्या किंवा रुंद दृष्टीच्या भिंगाच्या पाठीमागे पूर्ण कड्याऐवजी तिरपा उतार असतो, तेथे स्पर्शाचा बिंदू किंचित बदलतो आणि मापाचा हिशेब चुकतो.

झाइस इकॉनने १९३२ साली काँटॅक्स काढला तो मुद्दाम निराळ्या विचाराने. त्यात ५० मिलिमीटरच्या भिंगाला पुढेमागे सरकविणारे यंत्र भिंगात नसून कॅमेऱ्यातच असते, आणि इतर भिंगे बाहेरच्या खोबणीवर बसतात. युद्धानंतर या कॅमेऱ्याची यंत्रसामग्री नुकसानभरपाईदाखल रशियनांनी उचलली आणि १९४७ पासून त्याच घडणीचा कॅमेरा किएव्ह या नावाने निघू लागला. तेथे भिंगांची अदलाबदल बहुतांशी निर्धोक आहे. निकॉनची गोष्ट मात्र फसवी. तो बनविणाऱ्या निप्पॉन कोगाकूने खोबण काँटॅक्सची घेतली, पण सरकण्याचे प्रमाण लायकाच्या ५१.६ मिलिमीटरच्या मापावर बेतले, आणि काँटॅक्सचे माप होते ५२.४. फरक एका मिलिमीटरचाही नाही! ३५ मिलिमीटरच्या वा त्याहून रुंद भिंगात तो चित्राच्या खोलीत लपून जातो. परंतु ८५ किंवा १३५ मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडून जवळच्या माणसाचा चेहरा टिपू गेल्यास डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात.

मात्र याच निप्पॉन कोगाकूने लायकाच्या आट्यांची भिंगेही केली होती, आणि ती चोख जुळत. ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५० साली तोक्योत असताना जपानी छायाचित्रकार जून मिकी यांनी ८५ मिलिमीटरच्या निक्कोर भिंगाने त्यांचे छायाचित्र घेतले, त्याची स्पष्टता पाहून डंकन यांनी कारखाना गाठला, भिंगांची परीक्षा केली, आणि कोरियाच्या युद्धात ती भिंगे आपल्या लायकावर चढवून नेली. जपानी भिंगांचे नाव पश्चिमेस झाले त्यात या प्रसंगाचा वाटा मोठा.

भिंग जुळते की नाही याची परीक्षा घरीच करता येते, आणि भिंग परत करण्याची मुभा असेल त्या अवधीतच ती करून मोकळे व्हावे. काँटॅक्स, किएव्ह, निकॉन यांची पाठ निघते. तेथे फिल्मच्या जागी खरवडलेली काच चापून ठेवावी, शटर ‘बी’वर उघडे धरावे, आणि अंतरमापकाने साधलेली वस्तू काचेवर स्पष्ट दिसते की नाही ते छोट्या बहिर्गोल भिंगातून पाहावे. जुन्या लायकात फिल्म तळातून भरतात, पाठ निघत नाही. म्हणून तेथे टेबलावर वर्तमानपत्र तिरपे पसरावे, मधल्या एका ओळीखाली शाईने रेघ मारून तिच्यावर अंतरमापक साधावा, आणि भिंग पूर्ण उघडून एक-दोन चित्रे घ्यावीत. रेघेच्या अलीकडची ओळ स्पष्ट आली की पलीकडची, यावरून चूक कोणत्या दिशेला आहे ते कळते. कॅमेऱ्याच्या अंतरमापकाचाच दोष नाही ना, हे मात्र विश्वासाच्या ५० मिलिमीटर भिंगाने आधी पडताळलेले असावे.

कोणते भिंग कोणत्या कॅमेऱ्याला झेपेल याचे एक साधे गणित आहे. अंतरमापकाच्या दोन खिडक्यांमधील अंतराला खिडकीतील प्रतिमेच्या आकारमानाने गुणावे. गुणाकार जितका मोठा तितके लांब आणि तितके उघडे भिंग नेमके साधते. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये हा गुणाकार सुमारे ६२ मिलिमीटर येतो, कारण त्यातील प्रतिमा जवळजवळ डोळ्याने दिसते तेवढीच मोठी असते. एम-२ मध्ये प्रतिमा ०.७२ पट, म्हणून तो ५० च्या आत उतरतो. उलट एम-२ च्या खिडकीत ३५ मिलिमीटरची चौकट मावते, एम-३ च्या मावत नाही. त्यासाठी लाइट्झने ३५ मिलिमीटरच्या भिंगालाच एक चष्मा जडवून दिला. हा चष्मा काढून टाकलेले भिंग स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. त्याच्या पाठीमागची कडा चष्मा गृहीत धरूनच कापलेली असते.

आता व्ह्यूफाइंडर. आट्यांच्या लायकातील अंगभूत खिडकी बारीक, आणि १९५७ च्या तीन-जी नमुन्यापर्यंत ती केवळ ५० मिलिमीटरचीच. इतर भिंगांसाठी माथ्यावरील बुटात, म्हणजे उपकरणे बसविण्याच्या खोबणीत, निराळा फाइंडर खोचावा लागे. लाइट्झचा जुना व्हिडोम बहुतेक भिंगांस चालतो, पण त्यात डावे उजवीकडे दिसते, आणि कॅमेरा उभा धरला की माणसे डोक्यावर उभी राहतात! सवयीने हेही साधते म्हणतात. मला तो छळच वाटतो. त्याच्या मागून आलेल्या व्हीऊहमध्ये चित्र सरळ, मात्र भिंग लांबेल तशी चौकट आकसत जाते, आणि १३५ मिलिमीटरशी पोचेपर्यंत ती पोस्टाच्या तिकिटाएवढी भासते. सर्वांत सुखाचा तो ५० मिलिमीटरचा एस्बूई: त्यात जग नैसर्गिक आकाराचे, भोवती प्रकाशाची लख्ख चौकट, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले असता ती चौकट हवेत तरंगल्यासारखी रस्त्यावर दिसते. त्याची धातूची कडा चष्म्याच्या काचेवर ओरखडे काढते, तेवढी चष्मेवाल्यांनी रबराची चकती लावून घ्यावी.

फाइंडर भिंगाच्या वर बसतो. वरून पाहणारा आणि खालून टिपणारा यांत तफावत पडणारच. हे अंतर सुमारे ६ सेंटिमीटर धरू. आडव्या चौकटीत ५० मिलिमीटरचे भिंग १ मीटरवर अर्ध्या मीटरपेक्षा थोडी कमी उंची टिपते. म्हणजे चूक आठव्या हिश्श्याची, भुवईपर्यंत कपाळ कापले जाण्याइतकी नव्हे, पण केसांचा माथा जाण्याइतकी खास. १३५ मिलिमीटरला दीड मीटरवर हीच चूक चौथ्या हिश्श्यापर्यंत चढते. म्हणून फाइंडरवर अंतराप्रमाणे तो वाकविण्याची कळ आहे की नाही, आणि असल्यास ती फिरते की गंजून बसली आहे, हे पाहावे. कॅननने १९५६ च्या व्हीटीत बुटातच एक खिळा ठेवला, जो भिंग जवळ साधताच फाइंडरला आपोआप वाकवितो. पण १९६१ च्या कॅनन ७ ला फाइंडर खोचण्यास बूटच नाही. अशा कॅमेऱ्यासाठी २८ मिलिमीटरचे सुंदर भिंग हौसेने आणणाऱ्याने चौकट कशी पाहायची ठरविली होती, हे विचारण्याचा मोह होतो. भिंग निवडण्यापूर्वी फाइंडर निवडावा असे मी म्हणतो ते या कारणाने.

जुळण्याखेरीज आणखी एक गोष्ट पाहायची: आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंगात बुरशी धरते. घेण्यापूर्वी मागून बॅटरीचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत काय ते बघावे, एवढे येथे पुरे.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवून विचारले आहे, की आपल्याजवळ झॉर्की-४ आहे, घरगुती समारंभांसाठी ३५ मिलिमीटरचे भिंग घ्यावयाचे आहे, तर कोणते घ्यावे. झॉर्की-४ ची खिडकी मोठी व स्वच्छ आहे, पण ती ५० मिलिमीटरपुरतीच. त्यावर ज्युपिटर-१२ हे आट्यांचे ३५ मिलिमीटरचे रशियन भिंग निःशंक चालेल. मात्र त्याची मागची काच फुगीर व बाहेर आलेली असते, म्हणून ते टेबलावर मागच्या बाजूवर टेकवून ठेवू नये, आणि अॅपर्चरचे कडे तोंडाशी आतल्या बाजूस असल्याने फिल्टर चढविण्यापूर्वीच ते लावून घ्यावे. फाइंडर ३५ चा स्वतंत्र मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास २८ पासून १३५ पर्यंतची पाच भिंगे फिरत्या चकतीवर असलेला रशियन फाइंडर घ्यावा, तो जड आहे पण सच्चा आहे. आणि शटरचा वेग फिल्म पुढे ओढून घेतल्यावरच बदलावा, आधी नव्हे. अन्यथा आतील यंत्र बिघडते, आणि मग भिंगाचा प्रश्नच उरत नाही.