हसवणाऱ्याची धडपड आणि हसं होणारी बाई

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेली मांडणी)



कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आपल्यापैकी बहुतेकजणींच्या पिशवीत असतो. त्यातलं तिसरं कलम आपण वारंवार उघडतो. पण मारहाण, हुंड्याची मागणी, घराबाहेर काढणं एवढ्यावर आपलं वाचन थांबतं. त्याच कलमात शाब्दिक आणि भावनिक छळाचीही व्याख्या आहे. अपमान, पाणउतारा, नावं ठेवणं यांच्या जोडीला तिथे 'उपहास' आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून केलेल्या उपहासाचा तर वेगळा उल्लेख आहे. म्हणजे एखाद्या बाईला हसणं हीसुद्धा हिंसा असू शकते, हे आपल्या देशाच्या कायद्याने मान्य केलेलं आहे. ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे.

तरीही आमच्या समुपदेशन केंद्रात कोणतीही बाई ही तक्रार घेऊन पहिल्या दिवशी येत नाही. आधी मार सांगते, पैसे सांगते. उपहासाचं कधीतरी चौथ्या भेटीत निघतं. "ताई, पाहुणे आले की माझ्या जाडेपणावर बोलतात. सगळे हसतात. मग मीपण हसते." नवऱ्याला बोलावून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, गंमत केली. हिला विनोदच कळत नाही."

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला प्रश्न पडला, हा विनोद हे लोक शिकतात कुठे? शाळेत शिकवत नाहीत. घरात, पारावर शिकतात, आणि आता रोज रात्री टीव्हीवर आणि मोबाईलवरही शिकतात. म्हणून आज मी विनोदी मालिका आणि सिनेमांतल्या एका ठरलेल्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. लोकांना हसवून पोट भरू पाहणाऱ्या, पण अजून जम न बसलेल्या विनोदवीराची ती गोष्ट.

तिचा साचा पाहा. एक माणूस आहे. त्याला रंगमंचावर उभं राहून लोकांना हसवायचं आहे. पैसा नाही, कोणी विचारत नाही. घरात बायको किंवा आई आहे. ती एकतर "हे धंदे सोडा आणि कामाला लागा" म्हणून करवादते, नाहीतर निमूट संसार ओढते. तो जे सांगून लोकांना हसवतो तेही याच घरातलं असतं. बायकोचा स्वयंपाक, बायकोचा राग, सासूचा स्वभाव, मेहुणीचं नाक. त्याच्या विनोदाचा कच्चा माल घर पुरवतं. कच्चा माल पिकवणाऱ्याच्या हाती काय पडतं, हे कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याला मी सांगायला नको.

या गोष्टीत त्याची धडपड ही 'कलेसाठी संघर्ष' ठरते. त्या काळात चूल पेटती ठेवणारीची धडपड मात्र गोष्टीत मोजली जात नाही. शेवटी टाळ्या पडल्या की त्याचं सगळं माफ होतं.

आपल्याकडे ही गोष्ट स्टँडअप कॉमेडीच्या कितीतरी आधीपासून आहे. आपला जुना विनोदवीर म्हणजे तमाशातला सोंगाड्या. १९७१ साली दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला. वसंत सबनीसांची कथा, गोविंद कुलकर्णींचं दिग्दर्शन. भोळा नाम्या तमाशाच्या ओढीने घर सोडून सोंगाड्या होतो. त्याच्या एका बाजूला करारी आई, दुसऱ्या बाजूला तमाशातली कलावती. एक अडवणारी, एक आधार देणारी. दोघी खणखणीत आहेत, पण प्रवास नाम्याचा आहे.

पुढे २०१० साली रवी जाधव यांचा 'नटरंग' आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. गुणा शेतमजूर. त्याला तमाशात राजा व्हायचं आहे, पण फडाला नाच्या हवा असतो आणि कोणी तयार होत नाही. शेवटी गुणा स्वतःच नाच्या होतो. मग जग त्याला ज्या पद्धतीने तुडवतं ते पाहवत नाही. सिनेमा त्याच्या बाजूने उभा राहतो, हे फार मोलाचं आहे. पण या सिनेमाशेजारी आपले रोजचे विनोदी कार्यक्रम ठेवून पाहा. तिथे पुरुष साडी नेसून, पदर दातात धरून आला की हशा पिकतो. पुरुष कायमचा बायकी झाला तर त्याची विटंबना, आणि पाच मिनिटांपुरता बाई झाला तर गंमत. दोन्हीकडे गृहीत एकच आहे, की बाईसारखं असणं म्हणजे खाली उतरणं. या गृहीतकाचा मार तृतीयपंथीयांनाही बसतो. त्यांच्यासाठी ही पाच मिनिटं कधी संपत नाहीत.

साडी नेसलेला पुरुष टीव्हीने शोधलेला नाही. तमाशातल्या गवळणीत मावशी असते. परंपरेने ती पुरुषच करतो आणि हशे घेतो. २०१४ साली झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. त्यात पुरुष नटांनी साडी नेसून केलेली सोंगं खूप गाजली. मुख्य चमूत मात्र सुरुवातीची वर्षं नियमित अशी एकच स्त्री होती, श्रेया बुगडे. ती अस्सल विनोदी नटी आहे. पण बाईचं सोंग काढायला पुरुष एवढे हजर आणि बाईला जागा एवढी कमी, हा हिशेब आपण मांडला पाहिजे.

आता आपल्या शहराकडे येऊ. एकट्याने उभं राहून हसवण्याचा मराठीतला सर्वांत मोठा विक्रम इथलाच आहे. आपल्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' इथे कोणाला माहीत नाही? एकटा माणूस, बावन्न पात्रं. मराठवाड्याची बोली त्यांनी महाराष्ट्रभर आणि परदेशातही नेली. २००९ साली ते गेले. पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग चालू ठेवला. त्या प्रयोगातलं हसू जिव्हाळ्याचं आहे. आपल्या माणसांना पाहून हसावं तसं. पण त्या बावन्नांत ज्या बायका आहेत त्या पुरुषाच्या गळ्यातून बोलतात. कलाप्रकारच एकट्याचा आहे, त्यामुळे हा दोष नव्हे. माझा प्रश्न पुढचा आहे. या गावातली एखादी बाई एकटी उभी राहून बावन्न पुरुष करायला निघाली असती, तर तिला रात्रीचे दौरे करू देणारं घर कुठे होतं? मुलं कोणी सांभाळली असती?

हाच प्रश्न एका अमेरिकन मालिकेने मध्यभागी आणला. आधी १९८९ ते १९९८ या काळात तिकडे 'साइनफेल्ड' गाजली. जेरी साइनफेल्ड हा विनोदवीर त्यात स्वतःच्याच नावाचा विनोदवीर झाला होता. रोजच्या जगण्यातलं बारीकसारीक उचलायचं आणि रंगमंचावर सांगायचं, हा त्या मालिकेचा पाया. नंतर २०१७ साली 'द मार्व्हलस मिसेस मेझल' आली. काळ १९५८ चा, शहर न्यूयॉर्क. सुरुवात आपल्या ओळखीचीच आहे. नवऱ्याला विनोदवीर व्हायचं आहे. त्याला कार्यक्रमात चांगली वेळ मिळावी म्हणून बायको घरून मांसाचा पदार्थ शिजवून क्लबवाल्याला नेऊन देते. लोक कुठे हसले ते वहीत टिपून ठेवते. तो मात्र दुसऱ्याचे विनोद उचलून सांगतो, आणि एक दिवस तिलाच सोडून जातो. त्या रात्री ती स्वतः रंगमंचावर चढते. कळतं ते असं, की विनोदाची जाण मुळात तिलाच होती.

ही गोष्ट पाहून आपल्याला बरं वाटतं. पण दोन जागी थांबावं लागतं. एक, ती रात्री-अपरात्री क्लबात जाते तेव्हा तिची मुलं तिचे आईवडील आणि घरातली मोलकरीण सांभाळतात. त्या मोलकरणीची गोष्ट कोणी सांगत नाही. दोन, पुढे एका कार्यक्रमात ती आपल्या सहकारी गायकाचं खाजगी गुपित विनोदाच्या भरात सुचवून जाते आणि दौऱ्यावरून काढली जाते. म्हणजे विनोद सांगणारी बाई आहे एवढ्याने तो न्याय्य होत नाही. किंमत कोण मोजतं हा प्रश्न बाईलाही विचारावा लागतो.

मोलकरणीवरून आठवलं. २०१९ च्या 'कबीर सिंग' या हिंदी सिनेमात घरकाम करणारी बाई एक ग्लास फोडते. नायक तिच्यामागे धावतो आणि ती जीव घेऊन पळते. हे दृश्य हसण्यासाठी रचलेलं आहे. ती भूमिका केली आहे वनिता खरात या आपल्या मराठी विनोदी नटीने. हीच वनिता 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये स्वतःच्या ताकदीवर हशे घेते. नटी तीच. एके ठिकाणी हसू तिच्या हातात आहे, दुसरीकडे ती हसण्याची वस्तू आहे. घरकामगार बायकांच्या बैठकीत हे दृश्य दाखवा. किती जणी हसतात ते पाहा.

आता हसण्याच्या यंत्राबद्दल थोडं. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या तंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हशा वाजवणारी पेटी तयार केली. कळ दाबली की हशा. तेव्हापासून विनोदी मालिकांत प्रेक्षकाने कुठे हसायचं ते आधीच ठरवून दिलं जाऊ लागलं. चारचौघे हसताना ऐकले की आपल्यालाही हसू येतं. एकट्याने गप्प राहायला धीर लागतो. जाडेपणावर टोमणा मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी जे पाहुणे हसतात, ते ही पेटीच झालेले असतात. ते हसले नाहीत तर तो टोमणा नुसता टोमणा उरेल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नवऱ्याचा स्वभाव बदलायला वर्षं लागतील, पण न हसणं आपण उद्यापासून करू शकतो.

एका वस्तीतल्या गटात आम्ही घरातले 'विनोद' करून पाहिले. बायकाच नवरे झाल्या, बायकाच पाहुणे. एकीने आपल्या नवऱ्याची हुबेहूब नक्कल केली, तीन मुलींवरून तो जे म्हणतो ते म्हणून दाखवलं. सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. शेजारीण हळूच म्हणाली, "हे तुझ्या घरी त्यांनी म्हटलं तेव्हा मी तिथेच होते. हसले होते मी." दोघी बराच वेळ एकमेकींकडे पाहत राहिल्या. पुढे तक्रार लिहिताना त्या शेजारणीने साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव दिलं.

कोणी विचारेल, मग हसायचंच नाही का? दिवसभर राबून आलेली बाई रात्री अर्धा तास हसते, तेही काढून घ्यायचं? अजिबात नाही. "चळवळीतल्या बायकांना विनोद कळत नाही" हा आरोप तर आपण खोटाच ठरवायचा आहे. बायकांचा विनोद जुना आहे. रुखवतावर विहिणीची टर उडवणारी गाणी, मंगळागौरीच्या खेळातली सासू-सुनेची जुगलबंदी, हे सगळं विनोदच आहे. फक्त ते माजघरात राहिलं. आपल्या जवळच्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून सासुरवाशिणीच्या तोंडी तक्रारी घातल्या. अर्थ परमार्थाचा, पण शब्द आणि रूप घरातल्या जाचाचं. शतकानुशतकं ती भारुडं मुख्यतः पुरुषांनी बाईचं सोंग घेऊन केली. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडींसारखी बाई भारूड करते तेव्हा तेच शब्द वेगळे ऐकू येतात.

साचा उलटवता येतो, हेही आपल्याला माहीत आहे. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचंच रूप घेतलं आणि त्याच्या विनोदातून जातीला, भिक्षुकशाहीला प्रश्न विचारले. भीमराव कर्डकांचा जलसा त्याच वाटेवरचा. १९८३ साली स्त्रीमुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. बायकाच पुरुष झाल्या, बायकाच गायल्या, आणि मुलीच्या जन्मावर रडणाऱ्या समाजाला लोक खदखदून हसले. तिथे हसं झालं ते व्यवस्थेचं.

तेव्हा गटात करण्यासारखं काम सुचवते. कोणत्याही विनोदी कार्यक्रमातला पाच मिनिटांचा भाग घ्या. आधी आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह. नंतर चार प्रश्न विचारा. विनोद कोण सांगतंय? हसं कोणाचं होतंय? जिचं हसं होतंय तिला उलट बोलायला जागा आहे का? आणि ती जागा आपण दिली तर ती काय बोलेल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बायकांना करून दाखवायला सांगा. मालिकावाल्यांना जमलं नाही असं बरंच काही तिथे निघेल.

आणि केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या कौटुंबिक घटना अहवालात शाब्दिक व भावनिक हिंसेसाठी वेगळा भाग असतो. तो रिकामा सोडू नका. 'नवरा टोमणे मारतो' एवढं लिहून थांबू नका. त्याने काय म्हटलं ते तिच्याच शब्दांत लिहा, कोणासमोर म्हटलं ते लिहा, किती वेळा ते लिहा. आणि कोण कोण हसलं, तेही लिहा.