दोन मिनिटे सलग बोलण्याची तयारी

(शिराळा येथे सहायक मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वसतिगृहांतून शिकून नर्स झालेल्या काही मुली परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा देणार आहेत. एका वेळची फी पंधरा हजारांहून अधिक आहे आणि ती बहुतांशी तुमच्या देणगीतून भरली जाणार आहे. म्हणून मुलींचे घोडे कुठे अडते, हे तुम्हांला सांगायलाच हवे.

वाचन, लेखन आणि श्रवण यांचा अभ्यास त्या रात्रपाळी करूनही करतात. अडते ते बोलण्याच्या परीक्षेत, आणि त्यातही मधल्या भागात. ही परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, समोरासमोर बसून होते. सुरुवातीला घर, काम, आवडी यांवर साधे प्रश्न विचारतात. मग परीक्षक एक कार्ड पुढे ठेवतो. त्यावर एक विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे असतात. विचार करायला एक मिनिट, सोबत कागद आणि पेन्सिल. त्यानंतर एक ते दोन मिनिटे एकटीने बोलायचे. परीक्षक मध्ये काही बोलत नाही. शेवटी त्याच विषयाला धरून थोडी चर्चा होते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर बोलण्याच्या परीक्षेत ७ गुण लागतात.

दोन मिनिटे म्हणजे साधारण दोनशे ते अडीचशे शब्द. इतके शब्द या मुलींना येत नाहीत असे नाही. नर्सिंगची जाडजूड पुस्तके त्यांनी इंग्रजीतूनच वाचली आहेत. पण तीन वाक्ये झाली की त्या थांबतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहतात. याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. आपल्या शाळेत काय शिकवले? एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. डहाणू-तलासरीच्या पाड्यावरची मुलगी घरी वारली बोलते, अक्राणीची मुलगी भिलोरी किंवा पावरी बोलते. शाळेतली मराठी हीच तिची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. वर्गात ती बोललीच कमी. ‘तुझे म्हणणे सांग, आम्ही ऐकतो’ असे तिला कोणी कधी म्हटले नाही. माझ्या मते इथे इंग्रजीपेक्षा सवयीची उणीव मोठी आहे.

अशा बोलण्याचा एक जुना मराठी दाखला आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीत भाषण केले. हे तेच कॉलेज, जे विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली काढले. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे केरी ते हेच. आनंदीबाईंना तेव्हा अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जायचे ठरले होते आणि लोक नाना शंका काढत होते. त्यांनी काय केले, तर त्या शंकांचेच मुद्दे केले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाता? परत आल्यावर वाळीत टाकले तर? संकट आले तर? आजवर कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करायचे? असे सहा प्रश्न घेतले आणि एकेकाला उत्तर दिले. आज परीक्षक जे कार्ड देतो त्याची घडण याहून फार वेगळी नाही. विषय एक, खाली प्रश्न, आणि उत्तरे स्वतःच्या आयुष्यातली. पुढे ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली, हे आपण सारे जाणतोच.

आता तयारीचे सांगतो. बाजारात पाठ करण्याची उत्तरे छापील मिळतात. ती घेऊ नका. परीक्षकांना पाठांतर चटकन ओळखू येते आणि गुण जातात. प्रार्थनासभेत आपल्या बायका उठून साक्ष देतात, तेव्हा कागद हातात नसतो, तरी कोणी अडखळून बसत नाही. कारण घडलेले सांगायचे असते. कार्डालाही तसेच उत्तर द्यायचे.

मिळालेल्या मिनिटात वाक्ये लिहीत बसू नये. पाच-सहा शब्द टिपावेत. तो कागद कोणी तपासत नाही, तेव्हा ते मराठीत असले तरी बिघडत नाही. समजा कार्ड आले, ‘तुमच्या भागातल्या एका सणाविषयी सांगा.’ शिराळ्यात इतके दिवस येणे-जाणे असलेली मुलगी नागपंचमीवर बोलेल. टिपण असे: श्रावण, गर्दी, पूर्वी जिवंत नाग, न्यायालय, आता प्रतिमा, म्हातारे काय म्हणतात, मला काय वाटते. यात पूर्वीचे, आताचे आणि पुढचे असे तिन्ही काळ आपोआप येतात. पूर्वी नाग धरून आणत आणि घरोघरी पूजत, हे भूतकाळात. वन्यजीव कायदा आणि न्यायालयाचा आदेश यांमुळे ते थांबले, हा बदल. एरवी मुली भूतकाळात सुरुवात करतात आणि चौथ्या वाक्याला वर्तमानात घसरतात. पूर्वी-आता अशी विभागणी डोळ्यांपुढे असली की घसरणे कमी होते. बोलणे आटले तरी ‘पूर्वी कसे होते’ याकडे वळावे, हमखास दोन-चार वाक्ये मिळतात.

कोणी मला विचारले, ख्रिस्ती मुलीने नागपंचमीवर का बोलावे? परीक्षक श्रद्धा विचारत नाही. ती नाताळावर बोलली तरी चालेल, पण पाहिलेले सांगावे. माहितीला, मताला गुण नाहीत. गुण चार गोष्टींना सारखे मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. मराठी वळणाचा उच्चार चालतो, समजला म्हणजे झाले. दोन मिनिटे होताच परीक्षक थांबवतो. त्याने मुली घाबरतात, पण तो नियमच आहे.

आता तुमच्याकडे मागणे. या मुलींपैकी काही सध्या मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत काम करतात आणि सुटीला इकडे येतात. तुमच्यापैकी कोणाला इंग्रजी येत नसेल तरी तुम्ही उपयोगाचे आहात. मुलीला समोर बसवा आणि घड्याळ लावा. आधी तिच्या घरच्या भाषेत दोन मिनिटे बोलू द्या. वारली तुम्हांला कळली नाही तरी घड्याळाला कळते. मग तोच विषय मराठीत, मग इंग्रजीत. मध्ये चुका काढू नका, शेवटी एकच सांगा. मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करून तिचे तिलाच ऐकवा, कुठे थांबली ते तिलाच कळेल. आठवड्याला तीन विषय, दोन महिने, एवढे केले तरी पुष्कळ.

पहिल्या आठवड्याचे विषय असे ठरवले आहेत: मला शिकवणारी एक म्हातारी व्यक्ती, पाणी आणायला जावे लागे ती वाट, आणि रात्रपाळीतला एक रुग्ण, अर्थात त्याचे नाव न घेता. ज्यांना ऐकायला बसायचे आहे त्यांनी सभेनंतर आपले नाव आणि सोयीचा वार लिहून द्यावा.