मागच्या सीटवर कोण बसतं?

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

हेडफोन लावलेत ना? आज गाडीवर बोलायचंय. पण टॉप स्पीड नाही, सनरूफ नाही, मायलेजची भांडणं पण नाहीत. आज बोलायचंय सात जणांच्या फॅमिली गाडीबद्दल. म्हणजे ती गाडी, जी घेताना घरातले सगळे खूश असतात आणि प्रवासाला निघताना दारातच भांडण सुरू होतं, की मागे कोण बसणार?

गेल्या महिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं की घरी अशी गाडी असेल तर अनुभव पाठवा. तुमच्या बऱ्याच व्हॉइस नोट्स ऐकल्या. एक गंमत लक्षात आली. "गाडी एकदम मख्खन आहे" असं सांगणारे जवळजवळ सगळे गाडी चालवणारे होते. मागे बसणाऱ्यांच्या नोट्स फारच थोड्या. मग मला आमच्या घरची गोष्ट आठवली. तीच सांगते.

आमचं घर कराडला, आजोळ गुहागरकडे. बाबांनी 2013 साली एक सेकंड हँड सात सीटर घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीची चूक कमी आणि आमची जास्त. बसायची व्यवस्था ठरलेली. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी काका. मधे आजी, काकू आणि मी, कारण मला गाडी लागते. मागे आई आणि चुलत भाऊ. आईच म्हणायची, "तिला मधेच बसू दे, मी जाते मागे." आम्ही कोणी नको म्हटलं नाही. मी पण नाही.

दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात गुहागरहून परत येत होतो. सात माणसं, सहा पेट्या आंबे, फणस वेगळा. आता ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माहितीये, तिसरी रांग उभी केली की डिकी उरतच नाही. मग पेट्या कुठे? आईच्या पायाशी. बॅग कुठे? आईच्या मांडीवर.

चिपळूण सोडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला. दुपारचं ऊन, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतेय, एसी फुल. अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला आणि बोनेटमधून वाफ! काका फडकं घेऊन उतरले आणि रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. तेवढ्यात मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून आरडाओरडा केला, "ओ दादा, हात लावू नका! तोंड भाजेल!"

त्या माणसाचे आमच्या घरावर उपकार आहेत. कारण बघा, गरम इंजिनात पाणी दाबाखाली असतं. त्या दाबामुळे ते शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. म्हणून गाडी तापली तर आधी एसी बंद. जागा मिळेल तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद करा, वाफ कमी झाली की बोनेट उघडा आणि निदान अर्धा-पाऊण तास नुसते बसून राहा. झाकणाला हात नाही. थांबायला जागाच नसेल, तर हीटर फुल करून हळूहळू पुढे न्या. उकाड्यात वेड्यासारखं वाटेल, पण इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते.

काका तोपर्यंत ठरवून मोकळे झाले होते की कंपनीच बोगस. कशीबशी गाडी खाली चिपळूणला नेली. मिस्त्रींनी थंड झाल्यावर पाणी काढलं, तर रंग चहासारखा. ते बाबांना म्हणाले, "कूलंट कुठंय? तुम्ही गाडीला बोअरचं पाणी पाजलंय." खरंच होतं. वर्षभर बाबा अंगणातल्या नळाचं पाणी ओतत होते. बोअरच्या पाण्यातले क्षार आत बसतात, गंज धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. सपाट रस्त्यावर, दोन माणसांत ते कळत नाही. सात माणसं, आंबे आणि घाट एकत्र आले की कळतं.

तिथून मला एक सवय लागली. कोणी म्हणालं "ही गाडी दगा देते" किंवा "ही कधीच बंद पडत नाही", तर मी विचारते, सांभाळतं कोण?

कराडला स्टँडजवळ एक टूरिस्टवाले काका आहेत. त्यांच्याकडे 2012 ची इनोव्हा आहे, पिवळ्या पाटीची, चार लाख किलोमीटरच्या वर गेलेली. आपल्याकडे इनोव्हा आली 2005 साली, क्वालिसच्या जागी. तेव्हापासून टूरवाल्यांची ती लाडकी. मी त्यांना विचारलं, हिचं गुपित काय? म्हणाले, "गुपित कसलं? दर 10 हजाराला ऑइल, टायमिंग बेल्ट वेळेवर, आणि चावी दुसऱ्या कोणाला देत नाही." मग हसून म्हणाले, "तुमच्या घरच्या गाड्या चालून खराब होत नाहीत ताई, उभ्या राहून होतात."

हे वाक्य लिहून ठेवा. टूरची गाडी रोज पळते. आपली सात सीटर वर्षात गणपती, मे महिना आणि एखाद्या लग्नाला बाहेर निघते. बाकी वेळ गेटमध्ये उभी. मग बॅटरी उतरते. उंदीर वायरी कुरतडतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, म्हणजे समजा 2319. याचा अर्थ 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. ऐकून झालं की खाली जाऊन आपल्या गाडीचा बघा. आणि सेकंड हँड घेत असाल तर नुसत्या मीटरवर जाऊ नका, मीटर मागे फिरवता येतं. सर्व्हिसची बिलं मागा. मधल्या सीटचं कापड, क्लच पेडलचं रबर बघा. ते खोटं बोलत नाहीत.

आता आरामाकडे येते. खरं तर आजचा विषय हाच आहे.

घाटातल्या त्या प्रसंगानंतर आमची गाडी नीट झाली, पुढे कधी अडली नाही. पण दोन-तीन वर्षांनी आईने यायचं बंद केलं. गुहागरला जायचं म्हटलं की, "तुम्ही जा, घरी कोणीतरी पाहिजे." लग्नाला जायचं म्हटलं की, "माझी कंबर दुखते, मी थांबते." तिचंच माहेर हो ते, गुहागर! आणि आम्ही मानलं. आम्हाला वाटलं, आईला आता प्रवास आवडत नाही.

गेल्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवडे गाडी चालवायची नाही, म्हणून मी चालवली. मामाकडे पूजा होती, त्यामुळे आईला यावंच लागलं. आजीला पाय लांब करायला पुढची सीट दिली. बाबा म्हणाले, "मी बसतो मागे, त्यात काय?" आयुष्यात पहिल्यांदा.

पाटणपर्यंत बाबा गप्पा मारत होते. पाटणनंतर आवाज बंद. कोयनानगरला चहाला थांबलो, तर मधली सीट दुमडून बाहेर यायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. एक हात कंबरेवर, एक दारावर.

असं का होतं? आमच्या गाडीसारख्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांना खाली शिडीसारखी लोखंडी फ्रेम असते. खराब रस्त्याला ती दणकट. पण तिच्यामुळे मागची जमीन उंच होते, आणि छत तर वर नेता येत नाही. मग सीट खाली बसवतात. म्हणजे तुम्ही उकिडवे बसल्यासारखे, गुडघे छातीशी, मांडीला आधार नाही. त्यात ही सीट मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच. प्रत्येक खड्डा आधी तिथे पोचतो. एसीची हवा पोचेपर्यंत कोमट. क्रिस्टाला अशीच फ्रेम आहे. अर्टिगा, किंवा 2022 च्या शेवटी आलेली हायक्रॉस, यांना वेगळी फ्रेम नाही, बॉडी एकसंध. त्यामुळे जमीन खाली ठेवता येते. पण ब्रोशर वाचून हे कळत नाही. बसूनच कळतं.

तर, चहा पिताना बाबा आईला म्हणाले, "एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

आई बशीत चहा ओतत म्हणाली, "सांगितलं की. घरी थांबते म्हणत नव्हते का?"

कोणी काही बोललं नाही. मी तर तिच्याकडे बघूच शकले नाही. दहा-अकरा वर्षं मी मधल्या सीटवर, खिडकीशी, कानात गाणी लावून बसले होते.

पुढे आम्ही गाडी बदलायची ठरवली. शोरूममध्ये सेल्समनने सवयीने बाबांसाठी ड्रायव्हरचं दार उघडलं. बाबा म्हणाले, "थांबा, आधी या बसतील." आई थेट तिसऱ्या रांगेत. दोन गाड्या तिने पाच मिनिटांत नापास केल्या. शेवटी एक सेकंड हँड घेतली, दिसायला साधी, पण आई मागे पाय खाली सोडून बसते. आणि नियम केलाय, कोयनानगरला पाळी बदलते. मी सुद्धा मागे बसते, लिंबू हातात धरून.

तर जाता जाता एवढंच. गाडी बघायला जाल तेव्हा घरातलं जे माणूस मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. टेस्ट ड्राइव्हला त्याला मागे बसवा, 20 मिनिटं, खड्ड्याच्या रस्त्याने. मधली सीट कशी दुमडते ते त्यालाच करायला लावा. काही गाड्यांना, उदाहरणार्थ कॅरेन्सच्या वरच्या मॉडेलला, यासाठी बटण आहे. काहींना ताकद लागते. मागच्या सीटला डोकं टेकायला आधार आहे का, बेल्ट सापडतो का, ते बघा. मागेही बेल्ट लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि सात माणसं बसवून सामान कुठे जाणार, हे शोरूममध्येच विचारा, दारात नाही.

आणि तुमच्या घरात कोणी हल्ली "तुम्ही जा, मी घरी थांबते" म्हणत असेल, तर एकदा त्यांच्या सीटवर बसून बघा. मग मला व्हॉइस नोट पाठवा. या वेळी मागे बसणाऱ्यांच्या नोट्स हव्यात.

आई या मे महिन्यात आली होती. आंब्याच्या पेट्या बाबांच्या पायाशी होत्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, कूलंट तपासा!