वस्तूंवरच्या चिठ्ठ्या



प्रेम, स्मृती, मृत्यू आणि लेखन यांविषयीची थोरांची वचने हल्ली सकाळ होताच मोबाइलवर हजर होतात. त्यांत कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे नाव हमखास असते. जगाचा निरोप घेणारी एक कविता त्यांच्या नावावर देशोदेशी फिरली. प्रत्यक्षात ती मेक्सिकोतील एका शब्दभ्रमकाराने आपल्या बाहुल्यासाठी लिहिली होती. सुटे वाक्य असे सहज भलत्याच्या नावावर जाते. म्हणून आज मी त्यांची वचने सांगणार नाही. ती ज्या कथांतून उगवली, त्या कथांविषयी बोलणार आहे.

मार्केझ यांचा जन्म १९२७ सालचा, अराकाताका या लहानशा गावातला. बालपण आजोळी गेले. वडील तारमास्तर, आईच्या घरून त्या विवाहाला कडवा विरोध होता. आईवडिलांची ती प्रेमकथाच पुढे १९८५ च्या ‘कॉलऱ्याच्या काळातील प्रेम’ या कादंबरीची प्रेरणा ठरली. तिचा नायक एक्कावन्न वर्षे, नऊ महिने आणि चार दिवस वाट पाहतो. एवढा हिशेब ठेवणारे प्रेम पहिल्या भरात नव्हे, सुरकुतलेल्या हातांत पारखले जाते, हे ती कादंबरी दाखवते.

मृत्यूविषयीचे त्यांचे चिंतन अधिक कठोर आहे. १९८१ च्या एका कादंबरीत पहिल्याच वाक्यात नायकाचा खून होणार हे कळते. मारेकरी उघडपणे सांगत फिरतात. गावाला ठाऊक असते. तरीही खून टळत नाही. कोणाला ते खरे वाटत नाही, तर कोणाला वाटते की दुसरा कोणीतरी सांगेलच.

स्मृतीची कथा मात्र १९६७ च्या ‘एकांताची शंभर वर्षे’ या कादंबरीत आहे. माकोन्दो गावात निद्रानाशाची साथ येते आणि तिच्यामागून विस्मरण येते. लोक वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या लावू लागतात. गाईच्या गळ्यात तर ती गाय आहे आणि तिचे दूध रोज काढावे लागते, हेही लिहून अडकवतात. पण खरे भय पुढे आहे. अक्षरांचा अर्थच विसरला, तर चिठ्ठी वाचणार कोण?

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. देवनागरी अक्षरे आपल्या मुलांना हिंदीमुळेही वाचता येतील. परंतु ‘शिक्षा’ ही दोन अक्षरे वाचून हिंदी मनात विद्या येते आणि मराठी मनात छडी! चिठ्ठी तीच राहते, अर्थ बदलतो. तो अर्थ घरातल्या बोलण्यातून, वर्गातल्या वाचनातून आणि गोष्टींतूनच पुढच्या पिढीकडे जातो. पाठ केलेली चार सुभाषिते त्याला पुरत नाहीत.

लेखनाचे मोलही मार्केझ यांच्या आयुष्यातच दिसते. माकोन्दोची कथा लिहून झाली तेव्हा संपूर्ण हस्तलिखित टपालाने पाठवण्याइतके पैसे घरात नव्हते. पतिपत्नींनी आधी निम्मे पाठवले. मग पत्नी मेर्सेदेस यांनी घरातल्या वस्तू गहाण टाकून उरलेले रवाना केले, असे त्यांनीच सांगितले आहे. १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे उतारवयात त्यांचीच स्मृती ढळत गेली. २०१४ साली ते निवर्तले. विस्मरणाची साथ रंगवणाऱ्या लेखकाला विस्मरणाने गाठले, पण त्यांचे माकोन्दो वाचकांनी सांभाळले.

माजी विद्यार्थ्यांनो, या शाळेने तुम्हांला चिठ्ठी वाचता येईल असे केले. पालकहो, मराठी टिकावी असे सर्वांनाच वाटते. दुसरा कोणीतरी पाहील, असेही सर्वांनाच वाटते. त्या गावाची चूक आपण करू नये. आज रात्री एक मराठी पान मुलांसमोर मोठ्याने वाचावे आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा, एवढीच माझी विनंती आहे.